डायरी दर वर्षी ११ जानेवारीलाच का मरते? (नियमित लिहिणाऱ्यांनी कृपया या)

निळी_शाई · १२ जानेवारी, रात्री १०:५०

काल कपाट आवरायला काढलं आणि चार डायऱ्या निघाल्या. पहिली नवऱ्याला बँकेतून मिळालेली, मरून रंगाची, पुढच्या पानांवर सुट्ट्यांची यादी आणि एसटीडी कोड. त्यात ११ जानेवारीपर्यंत लिहिलंय. दुसरी भाचीने वाढदिवसाला दिलेली, हातकागदाची, मधे मधे सुकलेल्या पाकळ्या. ती कोरी. त्या कागदावर "आज भेंडी चिकट झाली" असं लिहायचा धीरच झाला नाही. तिसरीत सहा पानं भरलीत, सहाही एकाच भांडणाची. चौथीत किराणा.

शिवाय फोनमध्ये एक अ‍ॅप होतं. रोज रात्री साडेनऊला विचारायचं, "आज कसं वाटतंय?" रोज साडेनऊला माझे हात कणकेत असतात. काढून टाकलं.

आता परत हे खूळ का? नोव्हेंबरात डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, कधीपासून? महिन्यातून किती वेळा? आदल्या रात्री झोप किती झाली होती? माझ्याकडे दोनच उत्तरं होती, "बरेच दिवस" आणि "बरेचदा". परतताना लोकलमध्ये बसून आठवायला लागले की गेल्या तीन वर्षांत मी नक्की केलं काय. मुलीची इयत्ता आठवली, नोकरी बदलली ते आठवलं, बाकी सगळा एकच लांबलचक मंगळवार.

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कुणी खरंच रोज लिहितं का? काय लिहिता? मागचं वाचता का? आणि वही ठेवता कुठे? (डोंबिवली, दोन खोल्या, चार माणसं. हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतेय.)

आत्मविकास, सर्वोत्तम आवृत्ती वगैरे शब्द वापरून घाबरवू नका. आणि समर्थांची ती ओळ कुणीही टाकू नका, प्लीज. आमच्या शाळेच्या जिन्यात रंगवलेली होती, दहा वर्षं वाचलीय.

पाटीवरचा_खडू · १२ जानेवारी, रात्री ११:०५

+१. वाचतेय. माझी ९ तारखेला गेली.

घासूनपुसून · १३ जानेवारी, सकाळी ७:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही सगळी बाहेरून आलेली हौस आहे. आपल्याकडे मन मोकळं करायला ओटा होता, कट्टा होता, शेजारीण होती, काहीच नसेल तर देवघर होतं. माणसं संपली म्हणून वह्या आल्या. आणि वही काय उत्तर देते का? चारशे रुपयांची वही आणि दोनशेचं पेन घेऊन स्वतःबद्दल लिहीत बसायचं, म्हणजे आरशासमोर उभं राहून गप्पा मारण्यातला प्रकार.

मोडीकाका · १३ जानेवारी, सकाळी ९:४५

बाहेरून आलेली हौस म्हणालात म्हणून लिहितो. 'रोजनिशी' हा शब्द बाहेरून आला हे खरं, पण इंग्रजीतून नव्हे. 'रोज' आणि 'नविशी' म्हणजे लिहिणं, दोन्ही फारसी. फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांच्यातला 'नवीस' तोच. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले मंत्री म्हणजे वाकनीस, वाकेनवीस. महाराजांच्या रोजच्या घडामोडींची टिपणं ठेवणं हे त्यांचं काम. पेशव्यांच्या रोजनिशांतले वेचे गणेश चिमणाजी वाडांनी निवडले, ते छापून खंडच्या खंड झाले. तेव्हा दिवसाचं टिपण दिवशीच ठेवायची सवय आपल्या हाताला चांगली तीनशे-साडेतीनशे वर्षं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे दरबारी दफ्तर, यात मनाचं काय? कबूल. कुणाला किती वर्षासन दिलं, कुठल्या गावचा वसूल किती, असलाच मजकूर. पण नाना फडणविसांनी स्वतःबद्दल लिहिलेलं एक छोटं टिपण आहे. पानिपताच्या वेळी ते विशीच्या आतले. जीव वाचवून परत आले, आई तिकडेच अंतरली. त्या टिपणात ते स्वतःच्या मनाच्या दुबळेपणाविषयी इतकं उघड लिहितात की आज वाचताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. पुढे ज्याला सगळा देश धूर्त मुत्सद्दी म्हणून ओळखू लागला त्या माणसाचं हे लिखाण. उद्या १४ जानेवारी, पानिपताचा दिवस, म्हणून विशेष आठवण झाली.

धागाकर्तीच्या 'कुठे ठेवता' या प्रश्नाचं माझं उत्तर: टेबलावर, उघडी. मी निवृत्त झाल्यावर पुण्यात मोडीचा वर्ग लावला आणि तेव्हापासून रोज रात्री तीन ओळी मोडीत लिहितो. आधी वर रेघ ओढून घ्यायची आणि हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. घरात कुणालाही ओ की ठो कळत नाही. कुलूप नको, किल्ली नको.

अवांतर: गेल्या जूनपासून सौ.नेही मोडीचा वर्ग लावला आहे. कारण विचारलं तर नुसती हसते.

निळी_शाई · १३ जानेवारी, दुपारी १:१०

काका!! 😄 काकूंना नमस्कार सांगा. तीन ओळींत काय लिहिता, तेवढं मात्र सांगितलं नाहीत.

मोडीकाका · १३ जानेवारी, दुपारी ४:००

पहिली ओळ कोण भेटलं. दुसरी, काय बिघडलं. तिसरीत हवामान. तिसरी ओळ सगळ्यात उपयोगाची. बाकी दोन्ही सुचल्या नाहीत तरी हवा असतेच, त्यामुळे पान कोरं राहत नाही.

रतीब · १३ जानेवारी, रात्री ९:३०

मी कधी डायरी लिहिली नाही, पण या विषयावर सांगण्यासारखं एक आहे.

आई गेली तेव्हा तिच्या पलंगाखाली कालनिर्णयची गुंडाळी सापडली. १९९१ पासूनची सगळी, सुतळीने बांधलेली. रद्दीत का दिली नव्हती कळेना. आमच्या घरात कॅलेंडरवर लिहायचा हक्क फक्त तिचा होता, तो तुमच्याही घरात असेल: दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाली आली नाही तिथे फुली, इस्त्रीचे कपडे किती. चौकोन एवढासा, त्यात तिथी, नक्षत्र, एकादशी आधीच छापलेलं. उरलेल्या कोपऱ्यात ती बॉलपेनने लिहायची.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बहीण ती गुंडाळी घेऊन बसलो. हसायलाच बसलो होतो. "सिलिं. २३ दिवस गेला", "दादा-वहिनी. ४ दिवस. साखर संपली". मग मी मुद्दाम माझी तारीख शोधली. २००३ च्या जुलैत मी इंजिनिअरिंगला कराडला गेलो. तो चौकोन काढला. त्यात लिहिलं होतं, "आजपासून दूध १ लि."

आधी दीड यायचं.

त्या दिवशी ती रडली नव्हती. डबा दिला, एसटीत बसवलं, मागे वळून गेलीसुद्धा. माझ्या डोक्यात वीस वर्षं तेच बसलं होतं की आईला फारसं काही वाटलं नाही. बहिणीने पुढे पानं उलटली. दिवाळीच्या सुट्टीच्या आठवड्यात, बाणाने जोडून: "दूध १॥. १॥. १॥. १॥."

पाटीवरचा_खडू · १३ जानेवारी, रात्री ९:५५

ऑफिसच्या कॅबमध्ये वाचलं. चूक झाली. ड्रायव्हर विचारतोय काय झालं मॅडम.

निळी_शाई · १३ जानेवारी, रात्री १०:४०

रतीब, यावर काय लिहू. मी आत्ता उठून स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघून आले. सासूबाईंचं अक्षर आहे. "गॅस लावला", "निळू उशिरा". निळू म्हणजे मी. 'उशिरा' गेल्या दोन महिन्यांत अकरा वेळा आहे. तक्रार आहे की काळजी, ते तेवढ्या अक्षरांवरून कळत नाही.

रात्रपाळी · १४ जानेवारी, सकाळी ८:५०

तिळगूळ घ्या. मी स्टाफ नर्स, आयसीयू. आत्ताच नाइट संपवून लोकलमध्ये बसलेय.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना ओव्हर देतात. बेडशेजारी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं: पेशंटला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. त्यात "मला फार वाईट वाटलं" हे बसत नाही आणि "सगळं ठीक आहे" हेही चालत नाही. ठीक म्हणजे किती? बीपी सांग, युरिन आउटपुट सांग.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझी झोप गेली होती. डोळे मिटले की मॉनिटरचे आवाज. एका सीनियर सिस्टरने सांगितलं, घरी जाताना गाडीत स्वतःचा ओव्हर लिही. उद्याच्या तुला दे. तेव्हापासून लिहिते. फोनमधे, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप. चार गोष्टी, आमच्याच क्रमाने. कालचा (थोडा गाळून) असा:

"झालं: ७ नंबरच्या आजोबांची नळी काढली, बोलले. केलं: त्यांच्या मुलीला वेळेआधी आत सोडलं. राहिलं: आईला फोन. लक्ष: पाठ दुखतेय, तिसरा दिवस."

बस. ठाणे ते कळवा एवढ्यात होतं. ते 'राहिलं' फार कामाचं आहे. लिहिलं की डोकं ते धरून बसत नाही. आईला फोन दुसऱ्या दिवशी केला, नाहीतर तो आठवडाभर राहतो.

मनमोकळं · १४ जानेवारी, दुपारी १२:१५

रात्रपाळी यांच्या 'राहिलं'बद्दल एक सांगते (मी मानसशास्त्र शिकवते, थोडं समुपदेशन करते). २०१८ साली अमेरिकेत ५७ तरुणांवर झोपेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं अर्ध्या लोकांनी उरलेली, पुढची कामं लिहायची, अर्ध्यांनी झालेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना लवकर झोप लागली. आपल्याला उलटं वाटलं असतं. प्रयोग लहान आहे, पण तुमच्या सीनियर सिस्टरला तो न वाचताच कळला होता.

आता मूळ विषय. याचं शास्त्र बरंचसं जेम्स पेनेबेकर यांच्यापासून सुरू होतं. १९८६ साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक गोष्टीवर. त्यातही तीन गट होते: फक्त काय घडलं ते लिहिणारे, फक्त काय वाटलं ते लिहिणारे आणि दोन्ही लिहिणारे. लिहून झाल्या झाल्या मन हलकं झालं का? नाही, दुःखाबद्दल लिहिणाऱ्यांना त्या दिवशी आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या खेपा कमी दिसल्या त्या 'दोन्ही' लिहिणाऱ्या गटात.

म्हणून निळी_शाई, तुमच्या तिसऱ्या डायरीची सहा पानं मला महत्त्वाची वाटतात. एकच भांडण सहा वेळा. त्याला आपण घोळणं म्हणतो, आणि घोळण्याने जखम भरत नाही, खपली निघते. पेनेबेकरांनी नंतर लोकांचे शब्द मोजले. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "माझ्या लक्षात आलं" अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. सहाव्या पानावर एक तरी "कारण" आहे का, बघा.

फार मोठ्या अपेक्षाही ठेवू नका. २००६ मध्ये असे १४६ प्रयोग एकत्र तपासले गेले. फायदा आहे, पण सरासरीने लहान. आणि लिहून लिहून अनेक दिवस जास्तच खचल्यासारखं वाटत असेल तर वही बंद करून माणसाशी बोला. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

घासूनपुसून · १४ जानेवारी, दुपारी २:३०

पाहा, शेवटी "माणसाशी बोला"वरच आलात.

मनमोकळं · १४ जानेवारी, दुपारी २:४१

आले. वहीने माणसाची जागा घ्यावी असं कुणी म्हणालं का? मात्र कट्ट्यावर बोलताना आपण समोरच्याचा चेहरा बघून गोष्ट बदलत जातो. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत आपण हीरो झालेलो असतो.

कुलूपबंद · १४ जानेवारी, रात्री ११:५०

मी दहावीत असताना माझी वही घरात वाचली गेली. कुणी, ते सांगत नाही. जेवणाच्या ताटावर त्यातली वाक्यं मोठ्याने म्हणून दाखवली गेली. मी रात्री गच्चीत नेऊन जाळली. आज वय ४४. ऑफिसचे अहवाल छान लिहिते, पण 'मी' या शब्दाने वाक्य सुरू करून कागदावर काही लिहायचं म्हटलं की हात थांबतो. मोडी शिकायचं वय नाही. तुम्ही सगळे लिहिता ते वाचून हेवा वाटतो एवढंच.

मनमोकळं · १५ जानेवारी, सकाळी ७:००

तुमच्यासाठी एकच सांगते. त्या प्रयोगांतल्या लोकांनी आपलं लिखाण जपून, परत वाचून फायदा मिळवला नव्हता. लिहून दिलं आणि निघून गेले, कागदावर नावसुद्धा नव्हतं. म्हणजे वही 'ठेवली'च पाहिजे असं काही नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहा, बारीक तुकडे करा, ओल्या कचऱ्यात टाका. चहाच्या चोथ्याखाली कुणी हात घालत नाही. आणि 'मी' जमत नसेल तर 'ती' म्हणून लिहा. "ती आज उशिरा उठली." थोडं लांबून बघितलं की अनेकांना सोपं जातं.

द्राक्षबाग · १५ जानेवारी, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुका. दोन एकर द्राक्ष. आमच्याकडं वही ठेवायची सक्तीच आहे. माल एक्सपोर्टला पाठवायचा म्हटलं की बागेची नोंदणी आणि फवारणीची नोंद लागते: तारीख, औषध, किती लिटर पाण्याला किती, काढणीआधी किती दिवस राहिलेत. त्याशिवाय माल घेत नाहीत. त्यामुळं खरड छाटणीपासून काढणीपर्यंत रोज काही ना काही लिहिणं होतंच.

२०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीनं झोडपलं तेव्हा घडकुज, डाऊनी, सगळे रोग एकदम. एका दिवसात दोन-दोन फवारण्या. त्या वर्षी कशी कोण जाणे, औषधाच्या नावापुढं समासात मी "झोप नाही" असं लिहायला लागलो. कुणासाठी नाही, असंच. मग ती सवय लागली. झोप झाली तर काही नाही, नाही झाली तर दोन शब्द.

मागच्या वर्षी मुलगा कृषी डिप्लोमाला, त्याला प्रोजेक्टसाठी जुन्या वह्या पाहिजे होत्या. तो म्हणाला, "बाबा, हे झोप नाही, झोप नाही काय आहे?" मी म्हटलं पावसाचं टेन्शन. त्यानं पावसाच्या तारखा शेजारी ठेवल्या. जुळंनात! पावसात मी झोपलो होतो की ओ, दमून पडायचो. "झोप नाही" सगळं मार्चात. ३१ मार्चला सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं ना, त्याच्या आधीचे पंधरा दिवस. दर वर्षी. चार वर्षं मी आभाळाकडं बघून शिव्या देत होतो.

आता हप्त्याचे पैसे माल गेला की लगेच वेगळ्या खात्यावर टाकतो. कर्ज तेवढंच आहे. झोप मात्र बरी.

निळी_शाई · १५ जानेवारी, रात्री १०:२०

ठरलं. आजपासून. चौथ्या डायरीत, किराण्याच्याच मागच्या पानापासून उलटीकडून. नवीन वही आणणार नाही. रात्रपाळीताईंचा ओव्हर + मोडीकाकांची हवा + झोप किती तास + डोकं दुखलं का (हो/नाही). वेळ साडेनऊ नाही, सकाळची ८:०४ ची लोकल. बसायला मिळालं तर पेन, नाहीतर फोन, आणि रविवारी उतरवून काढायचं. आणि वहीवर "किराणा" असं लिहिलेलंच राहू देणार, ती कुणी उघडत नाही.

२१ दिवस टिकलं की सवय लागते ना?

मनमोकळं · १५ जानेवारी, रात्री १०:३५

ते २१ दिवस विसरा. एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला साधारण तीन आठवडे तरी लागतात. त्यातलं 'तरी' गळालं आणि चेहऱ्याऐवजी सगळ्याच सवयी आल्या. लंडनमध्ये ९६ लोकांवर प्रत्यक्ष पाहिलं गेलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज पार २५४ पर्यंत. एखादा दिवस बुडाला तर काही बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तुमच्या डायऱ्या ११ तारखेला मरत नव्हत्या. ११ ला एक दिवस बुडला आणि १२ ला तुम्ही तिला पोचवून आलात.

श्टुटगार्टकर · १७ जानेवारी, रात्री १:१५

उशिरा आलो. एक वेगळाच अनुभव. मी नऊ वर्षं इंग्रजीत लिहीत होतो, कारण कामाची भाषा तीच झाली होती. मागचं वाचलं तर पानोपानी तीनच शब्द: स्ट्रेस्ड, टायर्ड, ओके. हवामान खात्याचा अंदाजही यापेक्षा बरा असतो. गेल्या वर्षी मराठीत लिहायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात अडकलो. बाबांच्या आजारपणात मी इथे होतो, त्याबद्दल लिहायचं होतं. इंग्रजीत 'गिल्टी' लिहून पान उलटलं असतं. मराठीत लिहिताना शब्द निवडावा लागला. अपराधी? नाही, अपराध नव्हता. खंत? ती जरा भारदस्त, श्रद्धांजलीच्या सभेतली. शेवटी 'रुखरुख' सापडला आणि लिहिताना कळलं की मला सतावतंय ते मी तिथे नव्हतो हे नाही. एक फोन होता, मीटिंगमुळे कापलेला. परत करायचा राहिला.

आता वहीच्या शेवटच्या पानावर यादी करतोय. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग, घालमेल. यांतले फरक कुणी नीट सांगेल का? चुटपुट आणि रुखरुख मला सारखेच वाटतात.

मोडीकाका · १७ जानेवारी, सकाळी ९:१०

मुळीच सारखे नाहीत. डोळ्यांदेखत बस सुटली, ती चुटपुट. संध्याकाळपर्यंत जाते. रुखरुख मुक्कामाला येते.

रतीब · १७ जानेवारी, सकाळी ९:४०

हुरहूर पुढच्याची असते, रुखरुख मागच्याची. मुलाला हॉस्टेलवर सोडायच्या आदल्या रात्री हुरहूर.

द्राक्षबाग · १७ जानेवारी, सकाळी १०:०५

घालमेल म्हणजे औषध मारू का नको. आभाळ आलंय, पण खर्च हाय. दोन्हीकडनं ओढ.

पाटीवरचा_खडू · १७ जानेवारी, सकाळी ११:३०

आणि तगमग उन्हाळ्यातली, अंगातली. बसवत नाही, उठवत नाही. 'कसनुसं' राहिलं यादीत! पोटातलं आहे ते, मनातलं नाही. किंवा दोन्हीतलं. आमची वऱ्हाडातली मामी "जीव वर-खाली होऊन रायला" म्हणायची, ते याच्याही वरचं.

मनमोकळं · १७ जानेवारी, दुपारी १:००

माझ्या वर्गाला उद्या हेच देते. भावनांमधले बारीक फरक ज्यांना ओळखता येतात त्यांना त्या हाताळणंही सोपं जातं, यावर बरंच काम झालं आहे. आम्ही मुलांना इंग्रजी शब्दांचं रंगीत चक्र वाटतो. ते बंद करून हा धागाच द्यावा म्हणते.

कुलूपबंद · २ फेब्रुवारी, रात्री १२:२०

नऊ कागद. नऊही चोथ्याखाली. "ती"नेच लिहिते. आठव्यात एकदा चुकून 'मी' आलं, खोडलं नाही.

निळी_शाई · २४ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आज ४१ वा दिवस. त्यातले ३४ लिहिले, ७ बुडाले. (लागोपाठ चार बुडाले तेव्हा जवळजवळ पोचवून आले होते. मनमोकळं यांचं ते वाक्य आठवलं आणि पाचव्या दिवशी फक्त हवा लिहिली: "गार. स्वेटर काढला.")

डोकेदुखी: ३४ पैकी ६. सहाच्या सहा वेळा आदल्या रात्री झोप पाच तासांच्या आत, आणि सहापैकी चार सोमवार. रविवारी रात्री मी उशिरापर्यंत जागून आठवड्याचे डबे, इस्त्री, मुलीचं दप्तर करत बसते. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी किराण्याची यादी पण वाचली.

दुसरी गोष्ट इथे लिहायला जरा संकोच वाटतोय. माझी पक्की समजूत होती की सासूबाईंशी रोज वाद होतो. मैत्रिणींना तसंच सांगायचे. वहीत मोजले. चार. आणि चारातला एक टीव्हीच्या आवाजावरून, तो मीच सुरू केलेला. बाकीच्या तीस दिवसांच्या 'लक्ष' या रकान्यात मात्र मी तेरा वेळा लिहिलंय, "आज त्या काही बोलतील." बोलल्या नाहीत. तिसऱ्या डायरीतली सहा पानं पण परत काढून वाचली. "कारण" एकदाही नाही. "नेहमी" एकोणीस वेळा.

परवा सकाळी कॅलेंडरवर त्यांचं "निळू उशिरा" दिसलं तेव्हा सरळ विचारलं, आई, हे का लिहिता? म्हणाल्या, "तू उशिरा येणार असलीस की भात मागून लावते. गार भात तुला आवडत नाही ना. महिन्यात किती दिवस ते बघून कुकर छोटा घ्यावा की काय, विचार करत होते."

रतीब · २४ फेब्रुवारी, रात्री १०:४४

ते कॅलेंडर डिसेंबरात रद्दीत देऊ नका.

मोडीकाका · २५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

वा. आमच्याकडचीही बातमी: काल माझ्या तीन ओळींखाली चौथी ओळ सापडली. मोडीत. 'हवा' शब्दातला व चुकला होता तो दुरुस्त केलेला, आणि पुढे लिहिलं होतं, "रोज काय बिघडलं तेवढंच लिहिता का हो?"

घासूनपुसून · २५ फेब्रुवारी, रात्री ११:१०

कुणाला सांगू नका. मुलाच्या जुन्या शंभरपानी वहीत लिहून बघितलं. पहिल्या दिवशी अर्धं पान, दुसऱ्या दिवशी दोन ओळी, तिसऱ्या दिवशी पेन सापडलं नाही.

हवा: उकाडा सुरू.